टाकी कोरडीच होती

— नाय नाय, नाक नका दाबू, घ्या, चांगला श्वास घ्या. गाडी घ्यायला आलेला माणूस हुंगून बघणारच, मीबी बघितलं असतं. हा आत्ता येतो तो फिनेलचा, कालच पुसली. आधीचा गेला भाऊ, खोटं नाय सांगत. कुणाकडून कळलं तुम्हाला? नवाबभाईकडून? चितेगावला त्याच्याच शेडात बनली ही — जुनी टेम्पो ट्रॅव्हलर होती, तिच्यात पलंग टाकला, ओटा केला, मागं एवढासा संडास. आमच्या ह्यांचा हट्ट. वाळूजच्या कंपनीत चौतीस वर्षं मशीनपुढं उभे राहिले, रिटायर झाल्यावर म्हणले, भामा, आता बसून फिरायचं — सांची, नागपूर, बुद्धगया, घर आपल्यासंगंच.

पहिल्याच फेरीत, कन्नडच्या पुढं घाटात, सडक्या अंड्याचा भपकारा आला. ब्रेक मारला की भक्कन यायचा. शोधता शोधता सीटखाली उंदीर निघाला, अर्धा मॅटला चिकटलेला — उचलायला गेले तर शेपूट तेवढं हातात. शी! आठ दिवस घास उतरला नाय. आणि वास? वास हायेच. मंग नवाबभाईनं ओट्याखाली डोकं घालून बघितलं. सांडपाण्याचा पाईप सरळच खाली सोडलेला, पाणी अडायला वाकच नाय, म्हणून टाकीतली घाण हवा वर चढायची. त्यानं बाकदार पाईप बसवला, अंड्याचा वास गेला — पण त्याच्याआड दुसरा होता ना, तो उरला. कसा सांगू? भर उन्हाळ्यात बसस्टँडच्या मुतारीत शिरावं तसा. डोळ्याला झोंबायचा. गादी उन्हात टाकली, पडदे धुतले, पलंगावर कापूर चुरला — कापूर आणि मूत, असला मिळून वास झाला. हे म्हणायचे, संडासाची टाकी गळत असंल. रोज तेच. नवाबभाईनं दोनदा टाकी उतरवली, बिचारा गाडीखाली उताणा पडून हात फिरवत बसला. म्हणला, "भाभी, टांकी सूखी है. बदबू गाडी की नै." मी त्यालाच झापलं, तुला नाक हाये का नाय म्हणून.

मंग निशा आली, आमची लेक — जावई, दोन लेकरं. म्हैसमाळला निघालो. शरणापूर फाट्यावरच बारकी ओकली. माझं डोकं फिरलं, सगळ्यांदेखत बोलले, असल्या घाणीत डुकरंबी राहायची नायत. हे गाडी चालवत होते. आरसा तेवढा सारखा केला.

दुसऱ्या दिवशी मी पेचकस घेतला आणि पलंगामागची फळीच खोलली. चाकाच्या वर पोकळी असते बघा, तिथं. कॅरीबॅगा. गाठी मारमारून कोंबलेल्या. एक ओढली तर फाटली, पिवळं पाणी पायावर, चिलटं तोंडावर — तिथंच ओकले मी. ह्यांच्या चड्ड्या, भाऊ. पायजमे. माझी एक चादर, जिच्यासाठी मी शेजारणीवर आळ घेतला होता. वळून बघते तर हे दारात.

"माझंच हाये ते," म्हणले. "सुटतं. कळत नाय मला."

वर्षभर चालू होतं. सांगितलं तर तू म्हणशील घरी बसा, म्हणून लपवलं. वाटंत कुठं टाकून देऊ म्हणायचे, पण मी कायम संगं.

आणि मी काय केलं? तुम्ही विचारलं नाय, पण सांगते. सासूचं दोन वर्षं हागणंमुतणं काढलं ह्या हातांनी, कधी तोंड वाकडं केलं नाय. त्या दिवशी मी पदर नाकाला लावला. पिशव्यांकडं बघत नाय — त्यांच्याकडं बघत. त्यांना दिसलं ते.

पुढं काय, डॉक्टर केला, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आता बरे हायेत. कोरडे हायेत. पण पुढच्या खोलीत एकटे निजतात. तीन-तीनदा आंघोळ करतात. मी चहा घेऊन गेले की आधी उठून खिडकी उघडतात, मंग कप घेतात. फिरायचं नावच नाय. मोबाईलवर जाहिरात त्यांनीच टाकली, विकून टाक म्हणले. मी हो म्हटलं — म्हणजे तवा आपलं म्हणून गेले.

चालवून बघायची? चावी त्यांच्याजवळ हाये. थांबा, नका हाक मारू. नका म्हणते ना. भाऊ, राग नका मानू, गाडी नाय विकायची. व्हय, आत्ताच ठरलं. लांबून आलात, माफी करा, पण या तुम्ही — ते येतायत बघा, ओलंच डोकं —

अहो, काय नाय, ह्या भाऊंना मोठी गाडी पाहिजे म्हणे... नाय हो. वासाचं कुणी काय बोललं नाय.