आईला विचारून सांगा

(कलबुर्गीतल्या एका खाजगी दवाखान्याचं आवार. कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक. भालकीत बी-बियाण्याचं दुकान चालवणारा वीरेश आणि त्याची बायको मल्लेश्वरी नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आहेत. बाक दोघांना ऐसपैस पुरेल एवढा आहे, पण मल्लेश्वरी काही बसायला तयार नाही. त्याच्या शेजारी बसायची तिला आज शिसारी आली आहे.)

मल्लेश्वरी : दोन वर्सं! दोन वर्सं तुम्हाला ठाव होतं?

वीरेश : हळू बोल की. माणसं बघायलीत.

मल्लेश्वरी : बघू द्या. इथं कोण आपल्या भालकीचं हाय? डॉक्टरनं विचारलं, याआधी सुई घालून तपासलं होतं का. आन् तुम्ही कसं पटकन म्हणलात, 'व्हय सर, हैद्राबादला, दोन वर्सांमागं, एक बी शुक्राणू निघाला न्हाई.' मी शेजारच्या खुर्चीत बसलेली. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं सांगायलेत.

वीरेश : मग खोटं कसं सांगू? ते म्हणले ना, एक बी गोष्ट लपवली तर कंप्युटरचा अंदाज चुकतो.

मल्लेश्वरी : म्हणजे कंप्युटरला खरं सांगायचं आन् बायकोला न्हाई.

वीरेश : सांगणारच होतो. खामोखा तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून...

मल्लेश्वरी : माझ्या जिवाला? हैद्राबादला कवा गेलाव ते आता ध्यानात आलं माझ्या. कंपनीची मीटिंग हाय म्हणून गेलाव. येताना मला हिरवी साडी आणली. मी येडी, गल्लीभर दाखवत फिरले.

वीरेश : साडी काय वाईट मनानं आणली न्हाई मी.

मल्लेश्वरी : त्याच्या पुढच्याच महिन्यात माझ्या पोटात दुर्बीण घातली. घातली का न्हाई?

वीरेश : अव्वा म्हणली म्हणून. आईचं कसं मोडू?

मल्लेश्वरी : आत्याबाई म्हणल्या, आन् तुम्ही गाडी करून नेलं. ती डॉक्टरीणबाई दर खेपेला डोकं फोडून सांगायची, 'आधी नवऱ्याला आणा, त्यांची तपासणी करू.' तुम्ही म्हणायचात, हंगाम हाय, दुकान सोडता येत न्हाई. मला गुंगी देऊन पोटाला भोकं पाडली, नळ्या बघितल्या. सगळं चांगलं निघालं. आन् तुम्ही बाहेर बसून काय करत होतात?

वीरेश : रडत होतो. आता तुला खोटं वाटंल.

मल्लेश्वरी : न्हाई वाटत. रडला असाल. पण रडून डोळे पुसले आन् गप बसलात. त्याचंच नवल वाटतं मला.

वीरेश : बाप्या माणसाला हे तोंडातून काढता येत न्हाई, मल्लू. दिवसभर दुकानात चार माणसांत बसायचं असतं. इज्जत म्हणून काही...

मल्लेश्वरी : दुकानाचंच सांगा. मृगाच्या आधी गिऱ्हाईक आलं की काय म्हणता तुम्ही? 'गोणपाट वलं करा, सोयाबीनचे दाणे त्यात गुंडाळा, मोड किती येतात बघा, मग पेरा. न बघता पेरलं आन् उगवलं न्हाई, तर जमिनीला शिव्या देऊ नका.' पार संतपूरपासून माणसं येऊन तुमचं ऐकतात. आन् घरात नऊ वर्सं जमिनीलाच शिव्या.

वीरेश : मी कवा शिवी दिली तुला?

मल्लेश्वरी : दिली न्हाई. ऐकून घेतली. धाकट्या अमरेशभावजींच्या पोराचा पाळणा आठवा. सगळ्या बायका दोरीला हात लावत होत्या. माझी पाळी आली आन् आत्याबाई म्हणल्या, 'मल्लू, तू जरा आत जाऊन घुगऱ्या बघ.' भरल्या घरात. तुम्ही दारात हुभे होतात, पानाचं ताट घेऊन. हैद्राबाद त्याच्या आधी का नंतर?

वीरेश : ...आधी.

मल्लेश्वरी : झालं तर मग.

वीरेश : झालं ते झालं. आता पुढचं बघ की. हैद्राबादची सुई म्हणजे अंधारात चाचपणं. हे डॉक्टर अंडकोष उघडून मोठ्या दुर्बिणीखाली बारीक बारीक नळ्या धुंडाळतात. एखाद्या कोपऱ्यात चार शुक्राणू जरी घावले तरी काम होतंय. तुझी स्त्रीबीजं वाढवायची इंजेक्शनं आज चालू केली की दोघांचं एकदाच होऊन जाईल.

मल्लेश्वरी : आन् न्हाई घावले तर?

वीरेश : ते आधी कोण सांगणार? कापल्याबिगर पक्कं कुणालाच सांगता येत न्हाई म्हणले. रक्तातलं हार्मोन, आकार, वय, ती आधीची सुई, सगळं घालून नुसता अंदाज निघतो. माझा शंभरात तीस निघाला. एकच गोष्ट राहिली. लहानपणी गालफुगी होऊन सूज खाली उतरली होती का? मी म्हणलं, आठवत न्हाई. तर म्हणले, आईला विचारून सांगा. त्या दुखण्यानं झालं असंल तर आशा वाढती.

मल्लेश्वरी : मग विचारा. आन् कशासाठी विचारायलाव ते बी सांगा. एवढंच मागते मी. ऑपरेशन कुणाचं हाय ते आत्याबाईंना तुमच्या तोंडानं कळू द्या. मग मी सगळ्या सुया घेते. आकडा तीस असू द्या न्हाईतर तीन.

वीरेश : सबुरीनं घे की जरा. घावलं तर सांगायची गरजच पडणार न्हाई.

मल्लेश्वरी : आन् न्हाई घावलं तर मुडबीची.

वीरेश : कोण मुडबीची?

मल्लेश्वरी : मला कान न्हाईत व्हय? दिवाळी झाली की मुडबीला पोरगी बघायला जायचं, असं आत्याबाई तुम्हाला सांगत होत्या. तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत होतात. न्हाई म्हणला न्हाईत. मग मला मोकळी करून माहेरी धाडणार, वांझ म्हणून. लावा फोन. आवाज मोठा करून लावा.

वीरेश : लावतो. पण तू मधी बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय.

मल्लेश्वरी : न्हाई बोलत. त्याची सवय हाय मला.

निलम्मा (वीरेशची आई, फोनवर) : वीरू? जेवलास का बाळा? काय म्हणला डॉक्टर तिचं?

वीरेश : अव्वा, एक विचारायचं होतं. लहानपणी मला गालफुगी झाली होती का?

निलम्मा : काय म्हणलास?

वीरेश : अव्वा? आवाज येतोय का?

निलम्मा : कोण विचारायलंय हे?

वीरेश : डॉक्टर. अव्वा, ऑपरेशन... ऑपरेशन माझं हाय. खोट माझ्यात हाय. तिच्यात काहीच न्हाई.

निलम्मा : शिवा शिवा! हळू बोल. ती कुठाय?

वीरेश : ती... औषधाच्या दुकानात गेलीया.

निलम्मा : तिच्यासमोर चकार शब्द काढू नको. ऐक. सातवीत होतास तू. गाल टम्म सुजले, मग सूज खाली उतरली. चड्डी घालवत नव्हती तुला. बिदरच्या डॉक्टरनं तुझ्या अप्पाला बाजूला नेऊन सांगितलं, पुढं याचं लेकराबाळाचं अवघड हाय.

वीरेश : ती उन्हाळी लागली होती! तूच सांगितलं होतंस.

निलम्मा : गाल सुजले ते दाढ म्हणलो, खाली सुजलं ते उन्हाळी म्हणलो. मग काय गावभर दवंडी पिटायची होती? अप्पा म्हणले, हे आपल्या दोघांतच मरू दे. ते गेले बिचारे. तवापासून मी एकटीच गिळून बसलेय.

वीरेश : तुला ठाव होतं, मग माझं लग्न कामून केलंस?

निलम्मा : कामून म्हंजे? थोरल्याला बिनलग्नाचा ठेवला असता तर धाकट्याला पोरगी कुणी दिली असती? म्हणून तर मोठ्या घरची स्थळं सोडली. बाप न्हाई, भाऊ न्हाई, अशी बघून आणली. तिच्या मागनं भांडायला कोण येणार होतं? आई तर बापडी सोमवार धरत बसलीया.

वीरेश : आन् मुडबीची?

निलम्मा : ती बी मामाच्या दारात वाढलीया. दुसरी आली की लोकच म्हणतील, पहिलीतच खोट होती. आणखी पाच-सा वर्सं तुझ्याकडं कोण बोट दाखवणार न्हाई. मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं, बाळा. आईच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? वीरू? ती जवळ न्हाई ना?

मल्लेश्वरी : जवळच हाय, आत्याबाई. नऊ वर्सं जवळच हाय.

वीरेश : ...ठेवला फोन तिनं. मल्लू, शप्पथ, गालफुगीचं मला खरंच ठाव नव्हतं.

मल्लेश्वरी : मानलं. तुम्हाला दोनच वर्सांचं ठाव होतं.

वीरेश : आन् तू म्हणलीस तसं सांगितलं की मी. खोट माझ्यात हाय म्हणलो. ऐकलंस ना?

मल्लेश्वरी : ऐकलं. ते ऐकून जरा बरं बी वाटलं. आन् लगेच मला औषधाच्या दुकानात धाडलंत.

वीरेश : तोंडातून निघून गेलं गं. त्या नर्सबाई आत बोलवायल्यात बघ. चल. गालफुगी झाली होती म्हणजे आशा वाढली. डॉक्टरनंच सांगितलं, तू बी ऐकलंस.

मल्लेश्वरी : जावा, सांगा त्यांना. तुमचा आकडा वाढलाय.

वीरेश : आन् तू?

मल्लेश्वरी : मी सुई घेणार न्हाई. आज न्हाई, आन् तुमच्या घरासाठी कवाच न्हाई.

वीरेश : मग मी एकट्यानं आत जाऊन काय करू? मल्लू, कुठं निघालीस?

मल्लेश्वरी : हितंच, त्या नळापाशी. आईला फोन लावते. आज सोमवार हाय. लेकीची कूस उजवावी म्हणून पाणी बी न पिता बसली असंल. तिला म्हणते, आई, माझं सगळं चांगलं हाय. ऊठ, जेव.