पाणबुडी मोटारीचा टोन

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय शिवशरण अण्णा. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते चंद्रकोर ऑर्केस्ट्राचे संस्थापक आणि गिटारवादक मृत्युंजय सर. सरांचे भाचे आणि उद्यापासून ऑर्केस्ट्राचे प्रमुख शिवराज. सूत्रसंचालन करणाऱ्या सुकन्याताई. आणि जुळे सोलापूरच्या या उकाड्यात पंख्याखालची खुर्ची पकडून बसलेल्या रसिक बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी बिरुदेव कोळेकर. गिटार दुरुस्त करतो. सरांच्या गिटारचं सगळं काम गेली बारा वर्षं माझ्या दुकानात होतं, म्हणून मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी वीस वर्षं थांबलोय, तेव्हा दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर अण्णांनी घंटी वाजवू नये.

सुकन्याताईंनी आत्ता मानपत्र वाचलं. फार सुंदर वाचलं. त्यात एक ओळ होती, 'सरांच्या गिटारचा अस्सल परदेशी टोन ही सोलापूरची शान आहे.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. या एका ओळीवरच मला बोलायचं आहे.

लोक दुकानात येतात आणि विचारतात, बिरुदेव, सामान बदललं की टोन बदलतो का हो? मी खरं ते सांगतो. चाव्या बदलल्या तर सूर टिकतो, आवाज तोच राहतो. जड पितळी ब्रिज बसवला तर फरक पडतो, पण तो बहुतेक वेळा ज्याने बसवून घेतला त्यालाच ऐकू येतो. टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवणाऱ्याने आतला कपॅसिटर बदलला काय आणि न बदलला काय! सोन्याचा मुलामा दिलेल्या जॅकने कुणाचा आवाज सुधारलेला मी पाहिला नाही, माझ्या दुकानाचं शटर मात्र रंगवून झालं. पण पिकअपचं तसं नाही. तारांखाली बसलेलं ते चुंबक आणि त्याभोवतीचे बारीक तारेचे वेढे, तिथे आवाज जन्माला येतो. त्याने फरक पडतो. किती पडतो, ते आज आपण ऐकणार आहोत.

वीस वर्षांपूर्वी मी एकोणीस वर्षांचा होतो. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव, घरी मेंढरं. मी मोटारी भरायच्या दुकानात कामाला होतो, जळालेल्या मोटारींचे वेढे काढून नवे भरायचो. एक लाल गिटार जुन्या बाजारात मिळाली होती, तिचा पिकअप मेलेला. मी तीन बंद घड्याळं फोडली, त्यांच्या कॉइलची केसाहून बारीक तार उकलली आणि पिकअपवर हाताने वेढे भरले. त्यातलं एक घड्याळ शाळेचं होतं, हे आज पहिल्यांदाच कबूल करतो.

तेव्हा सरांनी ऑर्केस्ट्रासाठी आपल्या जोडीला दुसऱ्या गिटारवाल्याची निवड ठेवली होती, रविवारी. माझे वडील, आबा, सोबत आले होते. धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर बसले होते. मी वाजवलं. मला आजही वाटतं, चांगलं वाजवलं. सरांनी हात वर केला आणि भरल्या खोलीत म्हणाले, "ही गिटार हाय का पाणबुडी मोटार? विहिरीत सोड की हिला."

सगळे हसले. काय झालं ते आबांना कळलं नाही. सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

एसटीत त्यांनी विचारलं, "बिरू, सायेब काय म्हणलं रं? चांगलंच म्हणलं न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय आबा. लई चांगलं म्हणलं."

त्या दिवसापासून माझं नाव पाणबुडी पडलं. लग्नपत्रिका सोडली तर गावात सगळीकडे तेच. तरी मी हार मानली नाही. त्या दिवशी निघताना सर म्हणाले होते, "टोन न्हाय, सामान बदलून ये, मग बघू." मी दोन वर्षं सामान बदलत राहिलो. चाव्या, ब्रिज, नॉब. दर वेळी सर म्हणायचे, "अजून न्हाय." मग एक दिवस छापखान्यातला धनाजी बोलता बोलता सांगून गेला, की त्या वर्षीचं पोस्टर शुक्रवारीच छापलं होतं आणि गिटारवाल्याच्या फोटोखाली शिवराजचं नाव होतं. शुक्रवारी! निवड रविवारी होती. शिवराज, तुझ्यावर माझा राग नाही. तू शाळकरी होतास, मामा बसवतील तिथे बसत होतास. पण त्यानंतर मी गिटार वाजवली नाही. दुसऱ्यांच्या दुरुस्त करू लागलो.

पुढे सर माझ्याच दुकानात यायला लागले. मी कोण ते आठवतंय का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनाही आठवलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत कार्यक्रम. सरांनी माझ्या दुकानाच्या पत्त्यावर परदेशी पिकअप मागवला होता, पार्सल वाटेत अडकलेलं. जुना तर आधीच काढून ठेवलेला, त्याची तार तुटलेली. मी लाल गिटारमधला माझा पिकअप काढून तात्पुरता बसवला. अगदी स्वच्छ मनाने सांगतो, सरांना हे सांगायचंच होतं. तेवढ्यात सर आले. तुम्हाला त्यांची पद्धत माहीत आहे, दुरुस्त झालेली गिटार हातात घेतली की डोळे मिटतात आणि कुणाला बोलू देत नाहीत. मी म्हणालो, "सर, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "गप. आधी मला ऐकू दे."

एक तार छेडली. मग डोळे उघडले, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "आला बघ! ह्याला म्हणत्यात परदेशी टोन. हे आपल्या हितल्या मोटारवाल्यांना सात जन्मात जमायचं न्हाय."

मग मी सांगितलं नाही.

पार्सल दोन दिवसांनी आलं. मी ते फोडलं नाही, कपाटात ठेवून दिलं. नऊ वर्षं सर माझ्या वेढ्यांवर वाजवत होते, आणि मी प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसून माझ्याच गिटारचा आवाज ऐकत होतो. दुसऱ्याच्या हातात. लोक वन्स मोअर म्हणायचे. सूड म्हणून सुरू केलं होतं, पण सूड घेणारा स्वतः वन्स मोअर म्हणत नसावा. मी म्हणायचो.

सर, अहो बसा. पाणी घ्या. शिवराज, मामांना पाणी दे.

सर उद्या मुलीकडे बंगळूरला कायमचे निघालेत, म्हणून जे माझं होतं ते मी परत घेतलं आहे. नेहमीप्रमाणे आज दुपारी सरांनी गिटार लावायला दिली होती. परदेशी पिकअपचं सीलबंद पाकीट मी आजच फोडलं आणि तो बसवला. रिकामं खोकं तिथे पुष्पगुच्छाशेजारी आहे. माझा पिकअप इथे, माझ्या खिशात आहे. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर सरांचं निरोपाचं वादन आहे. तुम्ही नऊ वर्षं त्यांना ऐकलंय, तुमचे कान मला पुरेसे आहेत. आवाजात फरक पडला, तर मानपत्रातली ती ओळ त्या पाणबुडी मोटारीची होती. नाही पडला, तर त्या रविवारी माझ्या गिटारमध्ये काय कमी होतं, ते सरांनी याच माइकवरून सांगावं.

मला माफी नको. मला उत्तर हवंय, आणि तेही माझ्यासाठी नको. पहिल्या रांगेत पांढरा फेटा बांधून माझे आबा बसले आहेत. आबा, त्या दिवशी एसटीत मी तुमच्याशी खोटं बोललो. सायेब चांगलं म्हणाले नव्हते. लोक आपल्याला हसत होते.

संयोजकांनी मला बोलावलं, चहा दिला, माइक दिला, त्यांचे मनापासून आभार. अण्णांनी घंटी वाजवली नाही, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर एक जण सोडून सर्वांनी मला उदार मनाने क्षमा करावी.

सर, गिटार लावून ठेवली आहे, या. आबा, कानातल्या मशीनचा आवाज वाढवा. आणि बाकी सगळे गप. आधी आम्हाला ऐकू दे.