फ्युरिअस मोठा की लिव्हिड?

नाही, तुम्हीच सांगा, माणूस चिडला म्हणजे चिडला, त्याचे पाच खाने कशाला करायचे? तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त केली. कंपनीचा मेकॅनिक. लोकांच्या घरी जायचं, मशीन भिंतीपासून ओढायचं, मागचं झाकण उघडायचं, पट्टा सरकलाय, बेअरिंग गेलंय, पंपात बटण अडकलंय... काढा, घाला, चालू. पण वाकून वाकून दोन्ही गुडघे कामातून गेले. डॉक्टर म्हणाले, आता जमिनीवर बसायचं नाही. जमिनीवर न बसता मशीनचा पंप कसा काढतात, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मग कंपनीनं मला टेबल दिलं, तक्रार विभागात. आमच्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलणं मात्र मोजूनमापून. म्हणाल्या, "काका, गिऱ्हाइकांचे ईमेल इंग्रजीत येतात. प्रत्येक वाचायचा, माणूस किती चिडलाय ते बघायचं आणि त्या खान्यात टाकायचा. डिसप्लीज्ड, अनॉइड, अँग्री, फ्युरिअस, लिव्हिड. लिव्हिडवाल्याकडे मेकॅनिक त्याच दिवशी जाईल, डिसप्लीज्डवाल्याकडे सवडीनं. तीन महिने बघू, जमलं तर तुम्ही पक्के."

मी विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

मॅडम हसल्या. नुसत्या हसल्या. आता ते हसू कोणत्या खान्यात टाकायचं? मी पडलो पान्याचा माणूस.

माझं इंग्रजी म्हणजे मशीनच्या पुस्तकातलं. 'झाकण काढण्यापूर्वी वीज बंद करा' एवढं मला झोपेतही कळतं, पण भडकलेलं गिऱ्हाईक उघडण्यापूर्वी काय बंद करायचं? पहिल्या आठवड्यात मी सरळ सगळे ईमेल अँग्रीत टाकून मोकळा झालो. मॅडम म्हणाल्या, "काका, सगळेच अँग्री?" मी म्हटलं, "मॅडम, खूश असते तर लिहिलं कशाला असतं?" त्यांनी सगळे ईमेल पुन्हा माझ्याकडे पाठवले. तेव्हा ठरवलं, हे शिकायलाच हवं. अहो, या वयात दुसरीकडे कोण घेणार मला, तेही गुडघ्यांसकट?

माझी मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. ती घरी आली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन तयार, पाय स्टुलावर. तिला म्हटलं, आज एकानं लिहिलंय, तो फ्युरिअस आहे, म्हणजे व्हेरी अँग्रीपेक्षा जास्त ना? मग व्हेरी फ्युरिअस म्हणजे केवढा? ती म्हणाली, "बाबा, फ्युरिअसला व्हेरी लागत नाही. ते भांडं आधीच काठोकाठ भरलंय. लावायचंच असेल तर ॲब्सोल्यूटली लावायचं."

"म्हणजे भरलेल्यात आणखी ओतायचं?"

"ओतायचं नाही हो, ते भरलंय अशी खात्री द्यायची."

आता भांड्याला खात्री कशाला हवी... पण लिहून घेतलं. मग लिव्हिड. ती म्हणाली, लिव्हिड म्हणजे रागानं चेहरा काळानिळा पडतो तो. म्हटलं, अगं, ईमेलमध्ये मला चेहऱ्याचा रंग दिसतो का? तेव्हा तिनं आवाज खाली आणला. "सोपं सांगते. आई ताट आपटते ना, तेव्हा ती अनॉइड असते. आई ताट अगदी हळू ठेवते, तेव्हा लिव्हिड."

आतल्या खोलीतून बायको शांतपणे म्हणाली, "माझं काय चाललंय तिकडे?" फार शांतपणे म्हणाली. आम्ही वही मिटली.

पण गंमत सांगतो, हळूहळू जमायला लागलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? रुसणं वेगळं, फुगणं वेगळं, वैतागणं वेगळं, खवळणं त्याहून वेगळं. सुनेवर फुगलेली सासू आणि खवळलेली सासू यांत केवढा फरक आहे, सुनेला विचारा. मी एका कागदावर सगळ्या शब्दांची शिडी काढली आणि टेबलावर चिकटवली. एका गृहस्थांनी लिहिलं, धुणं संपल्यावर मशीन जी धून वाजवतं ती तीनदा वाजते, आणि आपण ॲब्सोल्यूटली लिव्हिड आहोत. शिडी बघितली, लिव्हिडमध्ये टाकलं. मेकॅनिक त्याच दिवशी गेला, एक बटण दाबलं, परत आला. नियम म्हणजे नियम. मी कोण बोलणार? मी पडलो पान्याचा माणूस.

आणि मग एका सकाळी चार ओळींचा ईमेल आला. त्रास देते, माफ करा. मशीनमधलं पाणी बाहेर जात नाही, आज नऊ दिवस झाले. तुम्हाला कामं असतील याची कल्पना आहे. मी अ लिटल अपसेट आहे.

थोडीशी अपसेट. शिडीवर बघितलं, तर ते सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली. नियमानं सवडीनं. टाकणारच होतो, पण बोट काही पुढे जाईना. माझी आई न्हाणीघरात पडली होती, तेव्हा मला फोनवर म्हणाली होती, "जरासं लागलंय रे, तू काम टाकून येऊ नकोस." मी दोन दिवसांनी गेलो. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. जरासं म्हणाली होती हो ती... आणि मी ते जरासंच धरलं होतं.

मी फोन लावला. पलीकडे आजीबाईंचा आवाज, बोलणं आपल्या भाषेतलंच. "तुम्ही स्वतः फोन केलात? बाकीच्यांचं आधी करा हो, माझं काही एवढं नाही."

म्हटलं, "आजी, नऊ दिवस कपडे कसे धुताय?"

"हातानं. हे अंथरुणाला खिळलेत ना, दिवसाला तीन-तीन चादरी निघतात. पिळताना तेवढं मनगट ऐकत नाही." मग म्हणाल्या, "इंग्रजी बरोबर होतं का? अपसेटच्या आधीचं अ लिटल मी मुद्दाम घातलं. वाचणाऱ्याला वाईट वाटायला नको."

मी तो ईमेल लिव्हिडमध्ये टाकला. पण मेकॅनिक सगळे बाहेर. मग काय, जुनी पेटी काढली आणि स्वतः गेलो. आजींनी बुटकं स्टूल दिलं, त्यावर बसून पंप उघडला, आत पायमोजा. लोकरीचा, आजोबांचा. काढला, झाकण लावलं, मशीन चालू केलं आणि नऊ दिवसांचं पाणी खळखळून निघालं. आजी मशीनवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बरं झालं." बस, एवढंच. थ्रिल्ड, डिलायटेड, ओव्हरजॉइड... कुठलाच शब्द त्याला पुरला नसता. माझं उठणं तेवढं राहिलं. गुडघे ऐकेनात. शेवटी पलंगावरून आजोबा म्हणाले, "घाई करू नका, उठता न येण्याची मला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "काका, अ लिटल अपसेट तुम्ही लिव्हिडमध्ये टाकलंत?" म्हटलं, आता गेली नोकरी. पण सांगितलं सगळं. चादरी, मनगट, माझी आईसुद्धा. म्हटलं, "मॅडम, काही माणसं तक्रारसुद्धा दुसऱ्याला लागणार नाही अशी करतात." मॅडमनी तो ईमेल पुन्हा उघडून वाचला. मग सवडीच्या खान्यातले सगळे ईमेल काढले, साठ निघाले, आणि म्हणाल्या, "जे आधी माफी मागतात, त्यांना आधी फोन करायचा. आपण दोघं वाटून घेऊ." चार दिवस आम्ही फोनच करत होतो. एका घरी पाळणाघर होतं, एका घरी नवं बाळ. आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, आमचं काही एवढं नाही.

परवा तीन महिने संपले. माझ्यासाठी उंच खुर्ची आली, गुडघ्यांना सोयीची. आणि मॅडमचा ईमेल आला, एका ओळीचा. तुमच्या कामावर मी क्वाइट प्लीज्ड आहे.

मुलीला विचारलं, क्वाइट म्हणजे किती गं? म्हणाली, "बऱ्यापैकी. किंवा पूर्णपणे."

"अगं, दोन्हीतलं कोणतं?"

"ते आवाजावर असतं, बाबा."

"ईमेलला आवाज कुठून आणू?"

"मग मॅडमना विचारा." विचारायचं म्हणजे मिळालेली खुर्ची आपणच हलवून बघायची. मी काही विचारलेलं नाही. रोज वेळेवर जातो, त्या खुर्चीवर बसतो, फोन लावतो. बायको रोज विचारते, "अहो, नोकरी पक्की झाली ना?"

मी सांगतो, क्वाइट.