बंड्याने खाल्लेल्या कोया

तुम्हाला सांगतो, आंब्याच्या दिवसांत लॅब्रेडॉर घेऊन कोळवणच्या शेतावर जाऊ नये! जेवण उरकून हात धुऊन आलो, तर ताटातल्या चार कोया गायब आणि आमचा बंड्या जिभल्या चाटतोय.

"खाल्ल्यास ना? बोल!" मी ओरडतोय, तो शेपटी हलवतोय.

डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "कोय आतड्यात अडकते. उलटी करवू नका, ताबडतोब घेऊन या."

ते धूड गाडीत कोंबून पिरंगुटचा दवाखाना गाठला. सोनोग्राफी केली. पोटात एकही कोय नाही!

परतलो, तर शेत सांभाळणारे धोंडूमामा म्हणतात, "कोया व्हय? त्या म्या मगाशीच बांधावर लावल्या की."

"अहो मामा, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"मला कुटं इचारलंत? तुमी कुत्र्याला इचारत हुता."