साठ फूट दोरी आणि काकूंचे पापड

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे, तर माझ्या वहीतली एक नोंद ऐका. शनिवार, ११ जून २००५, अमेरिकेतलं शुगर लँड. कडक ऊन, वारा अजिबात नाही.

ऑगस्टमध्ये आमचा ग्रुप झांबेझी नदीवर टायगर फिश पकडायला जाणार होता. गाइड माइकची अट एकच होती: नकली माशी लावलेला गळ साठ फूट फेकता आला नाही, तर बोटीत जागा नाही. ग्रुपमधल्या देशपांडेकाकांची परीक्षा त्यांच्याच बॅकयार्डमध्ये होती. पहिल्या दोन फेकी चाळीस फुटांतच पडल्या. तिसरी कुंपणापलीकडे गेली आणि दोरी ताणली गेली.

दोरी ताणली गेली की मासा लागला समजून विचार न करता ओढायचं, हे माइकने महिनाभर घोकून घेतलं होतं. काकांनी ओढलं. शेजारच्या सुमनकाकूंची चादर वाळत घातलेल्या पापडांसकट कुंपणावर आली.

"भावजी, मासे आफ्रिकेत आहेत ना?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, आमच्यात पकडलेलं सोडून देतात."

"मग सोडा."

"आधी फोटो काढतात," काका म्हणाले. माइकने कॅमेरा काढलाच होता.

चादर जिथे अंथरली होती, तिथपर्यंत मी टेप लावली. बासष्ट फूट. काकांना बोटीत जागा मिळाली. त्रेपन्न पापडांपैकी एकोणचाळीस शाबूत राहिले.