तांब्यातलं पाणी

सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी रेल्वेतला एक कॅथलिक फिटर आणि त्याची बायको बसले होते. तिच्या मांडीवरचं दोन वर्षांचं मूल तापानं फणफणलं होतं.

“अहो, तांब्या द्या इकडं. मीच बाप्तिस्मा देते.”

“रविवारी फादर येतील की.”

“आज मंगळवार हाय! बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा ऱ्हायला तुमचा भाऊच पायजे, त्यो आफ्रिकेतनं येऊ दे, म्हणत दोन वर्सं घालवली.”

“अगं, घरच्यांनी बाप्तिस्मा द्यायचा त्यो मरणाऱ्याला. ह्याला नुसता ताप हाय.”

“डोळं उघडंना पोरगं. द्या पाणी!”

“न्हाय देत.”

“बाप्तिस्म्यावाचून गेलं तर?”

“तसं न्हाय जायचं.”

“कशावरनं?”

“पहाटे तू चूल पेटवत हुतीस, तवा मीच पाणी घातलंय त्येच्या डोक्यावर.”