काविळीची माळ

बुलढाण्याच्या दवाखान्यात चिठ्ठीच्या रांगेत जयमाला तरण्या लेकाचा हात घट्ट धरून उभी होती. पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“कोनाले आनलं व, तानुबाई?”

“धाकल्या नातवाले. नशेच्या गोळ्या खाते.”

“हळू बोल ना माय, लोकं आयकतीन.”

“आयकू दे. मोठ्याच्या वक्ती हळूच बोललो आमी. गावाले काविळ सांगतली.”

“त्याले काविळच होती ना व?”

“कायची काविळ! ह्याच गोळ्या. लोकाइले दिसाले पायजे म्हनून मीच त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. ते माळ गळ्यात असतानाच गेला पोट्टा.”

“माय वं!”

“ह्याले इथं भरती करतेत. सुटते म्हनतेत. आता नाई लपवत मी.”

दोघी चिठ्ठ्या घेऊन बाजूला झाल्या. जयमालेचा नंबर आला.

“काय होतंय पेशंटला?” खिडकीतून आवाज आला.

“अशक्तपना...” जयमाला घरून हेच ठरवून आली होती. तिनं एकदा तानुबाईकडं पाहिलं. “नाई. नशेच्या गोळ्या खाते.”

तानुबाई परत आली.

“चाल माय, संगच जाऊ. हा तुया मोठा का धाकला?”

“एकलाच हाय.”